जठराचे दार कोणाच्या हाती?



आज आपण पाण्याविषयी बोलू. विहिरीच्या नव्हे, नळाच्याही नव्हे. आपण जे पितो त्याविषयी. पाणी, ताक, चहा, दूध, सरबत, उसाचा रस. घोट घशाखाली उतरला की आपले काम संपले असे आपण समजतो. पण पुढे काय होते? ही सगळी पेये पोटातून एकाच वेगाने पुढे जातात काय?

नाही जात. साधे पाणी झरझर पुढे जाते. घट्ट सरबत रेंगाळते. तुपातेलाचे तर त्याहून रेंगाळते. आणि गंमत अशी की, कोणाला सोडायचे आणि कोणाला थांबवायचे हे पोट एकटे ठरवत नाही. ठरवणारा पोटाच्या खाली बसलेला आहे.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्हांला याचे काय? पोट त्याचे काम करते, आम्ही आमचे करतो. बरोबर आहे. पण जुलाबाने सुकलेल्या लेकराला काय पाजावे, किती घट्ट पाजावे, घोटाने की पेल्याने, हे याच एका गोष्टीवर ठरते. म्हणून ती समजून घेऊ या.

आधी शरीराची रचना पाहू. आपण ज्याला सरसकट पोट म्हणतो त्यात पुष्कळ अवयव आहेत. घशातून नळी खाली येते ती एका पिशवीत उघडते. ही पिशवी म्हणजे जठर. मोठ्या माणसाच्या जठरात एक ते दीड लिटर सहज मावते. जठराच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. म्हातारी आपल्या बटव्याचे तोंड दोरीने आवळते ना, तसे ते आवळते आणि सैल होते. हे जठराचे दार.

दारापलीकडे लहान आतडे सुरू होते. नाव लहान, पण लांबी सुमारे २० फूट. रुंदीने लहान म्हणून लहान आतडे. त्याचा पहिला तुकडा सुमारे बारा बोटांचा आहे. एक वीत आणि वर थोडा. आपले जुने वैद्य या जागेला ग्रहणी म्हणत. ग्रहणी म्हणजे धरून ठेवणारी. नाव मोठे मार्मिक आहे, ते का हे पुढे कळेल.

एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवा. जठरातून पाणी रक्तात फारसे जात नाही. जठर ही साठवणीची आणि घुसळण्याची जागा. पाणी, साखर, मीठ हे सारे रक्तात शिरते ते आतड्यातून. म्हणजे पाणी जठरात पडून राहिले तर ते पोटात आहे खरे, पण अंगी लागलेले नाही. तहान भागायची तर ते दार ओलांडून गेले पाहिजे.

आता शेतावर चला. विहिरीवर मोटर आहे. तिथून पाट निघतो आणि वाफ्यापर्यंत येतो. वाफ्याशी फावडे घेऊन एक गडी उभा असतो. पाणी किती लागते हे कोणाला कळते? मोटरीपाशी बसलेल्याला? त्याला वाफा दिसतही नाही. वाफा भरत आला, बांध फुटायला आला, की खालचा गडी हाक मारतो, "अरे, बंद कर!" वरचा बटण दाबतो. वाफ्याने पाणी पिऊन घेतले की पुन्हा हाक, "सोड रे!" (वीज असली तर. आपल्याकडे ती रात्री दोनला येते, ते असो.)

जठर म्हणजे ती विहीर. आतडे म्हणजे वाफा. आणि त्या बारा बोटांच्या तुकड्यात तो फावडेवाला उभा आहे. त्या तुकड्याच्या आतल्या अस्तरात फार बारीक पेशी असतात. आलेल्या द्रवाची चव घ्यावी तशी त्या त्याची पारख करतात. यात साखर किती? तूपतेल किती? आंबटपणा किती? एकूण द्रव किती घट्ट? साधे पाणी असेल तर अडवण्याचे कारणच नाही. जा पुढे! घट्ट साखरेचे पाणी आले, तूप आले, की हाक जाते, "थांब!"

ही हाक दोन वाटांनी जाते. एक वाट मज्जातंतूंची. तारेवरून निरोप जावा तशी, क्षणात पोचणारी. दुसरी वाट रक्ताची. आतड्याचे अस्तर काही रस रक्तात सोडते. ते रक्ताबरोबर फिरत जठरापर्यंत येतात आणि त्याला सांगतात, सावकाश. या रसांना संप्रेरके म्हणतात. निरोप पोचला की जठराचा वरचा भाग सैल पडतो. एरवी तो भाग हळूच दाब देऊन पातळ पदार्थ पुढे ढकलत असतो, तो दाब कमी होतो. खालच्या भागाची घुसळण मंदावते. आणि दाराचे कडे आवळते. दाब कमी आणि दार घट्ट, मग द्रव थेंबाथेंबाने पुढे जातो.

हे कोणी पाहिले, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले. तार तोडली म्हणा ना. मग त्या तुकड्यात आंबट रस घातला. तरीही जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला! तार तुटली असताना निरोप गेला कसा? रक्तातून गेला. तोवर शरीरातले निरोप फक्त मज्जातंतूंनी जातात असा विद्वानांचा समज होता. रक्तातून निरोप जातो हे त्या दिवशी कळले. पुढे त्याच शहरात हंट नावाच्या संशोधकाने १९५० नंतर पुष्कळ वर्षे जठरावर काम केले. तो माणसांना मोजून पेय पाजी, ठरलेल्या वेळाने नळीने जठरातले उरलेले काढून मोजी. कधी साधे, कधी साखरेचे, कधी खारट, कधी आंबट. अशा शेकडो मोजण्यांवरून त्याने दाखवले की जठराची चाल त्याच्या खालच्या आतड्याच्या हुकुमाने चालते. नळी गिळून घेणाऱ्या त्या माणसांचेही कौतुक केले पाहिजे.

आता वेग पाहा. रिकाम्या पोटी पेलाभर साधे पाणी प्यालात, तर पंधरा-वीस मिनिटांत निम्मे किंवा त्याहून जास्त पाणी जठरातून पुढे गेलेले असते. त्याच पेल्यात दहा चमचे साखर घातली तर? मग सगळे जायला तास-दीड तास लागू शकतो. पाणी तेवढेच आहे. साखरेने त्याला बेडी घातली. आतड्याला एका मिनिटात जेवढी साखर पचवून रक्तात घेता येते, तेवढीच ते मागते. जास्त आली तर ते गोंधळून जाईल, म्हणून दारावर अडवते.

तुपातेलाला तर ते सगळ्यांत जास्त अडवते. आपली वरण-बट्टी आठवा. लग्नात बट्टी कुस्करून तुपात भिजवून दुपारी जेवलात, की संध्याकाळपर्यंत भुकेचे नाव नाही. वर प्यालेले पाणीही पोटात डुचमळत राहते. लोक म्हणतात, पोट जड झाले. जठर बिचारे रिकामे व्हायला तयार आहे. खालूनच परवानगी येत नाही. आणि ते योग्यच आहे. तूप पचवायला पित्त लागते, स्वादुपिंडाचा रस लागतो, वेळ लागतो.

कोणी म्हणेल, हा पहारा नसता तर बरे झाले असते. तर ऐका. जठराच्या काही शस्त्रक्रियांमध्ये दार किंवा जठराचा भाग काढून टाकावा लागतो. अशा काही रोग्यांना गोड खाल्ले की थोड्या वेळात दरदरून घाम येतो, छाती धडधडते, अंधारी येते, पोटात कळ येऊन जुलाब होतो. गोड द्रव एकदम आतड्यात कोसळतो. तो इतका घट्ट असतो की रक्तातले पाणी ओढून आतड्यात घेतो. मीठ लावलेली काकडी आठवा. थोड्या वेळाने ताटलीत पाणी सुटलेले दिसते. मिठाने काकडीतले पाणी बाहेर ओढले. घट्ट साखरही तेच करते. जिकडे घट्ट, तिकडे पाणी धावते.

हे काकडीचे उदाहरण मनात पक्के ठेवा. त्याची पुढे गरज लागेल.

उन्हात राबणाऱ्यांसाठी दोन शब्द बोलतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर आयाबहिणी उन्हात बसून मिरची निवडतात. ऊसतोडीला गेलेली मंडळी दिवसभर कोयता चालवतात. घामाने अंगातले पाणी आणि मीठ दोन्ही जाते. अशा वेळी बाटलीतले रंगीत गोड पेय घेतले की जिभेला बरे वाटते, पण त्यातले पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा अंगी लागते. आमच्या शाळेत क्रीडास्पर्धेच्या दिवशी पोरे ग्लुकोजची पूड मुठीने तोंडात टाकीत, वर दोन घोट पाणी पीत, आणि धावताना पोट धरून बसत. पोटात पाक झाल्यावर दुसरे काय होणार? उन्हातल्या माणसाला साधे पाणी पुन्हा पुन्हा द्यावे. त्याहून चांगले म्हणजे लोणी काढलेले पातळ ताक, चिमूटभर मीठ घालून. त्यात स्निग्धता थोडी, साखर थोडी, मीठ आहे. आतड्याला अडवायला काही कारणच उरत नाही. आपल्या आजीला संप्रेरके ठाऊक नव्हती, पण शेतावर न्यायला ती ताकाचे मडके देई, बासुंदीचे नव्हे.

दारूचेही इथेच सांगून टाकतो. मोहाची असो की दुकानातली. दारूही बरीचशी आतड्यातूनच रक्तात जाते. रिकाम्या पोटी घेतली तर दार उघडेच असते. ती लगेच आतड्यात आणि तिथून डोक्यात. जेवणावर घेतली तर उशिरा चढते. म्हणून काही शहाणे म्हणतात, जेवून घेतली की बाधत नाही. खोटे आहे. ती उशिरा जाते, पण जाते सगळी, आणि यकृताला तेवढीच निस्तरावी लागते.

मधुमेहाच्या रोग्याची गोष्ट निराळी आहे. औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकदम उतरते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते. घरची माणसे घाबरून पेढा देतात, तुपाचा लाडू देतात, दूध देतात. माया खरी, पण त्यात तूप आहे, स्निग्धता आहे. आतडे दार आवळते आणि साखर वाटेत अडकते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर अर्ध्या पेला पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून द्यावी. नंतर भाकर द्यावी. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, दवाखाना गाठावा.

आता लेकराकडे येऊ. त्याच्यासाठीच तर एवढे सांगत आलो.

पावसाळा लागला की पाड्यापाड्यावर जुलाब सुरू होतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात पुष्कळ पाड्यांना गाडीरस्ता नाही. रोग्याला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावे लागते. वाटेत ओढा भरलेला असला तर थांबावे लागते. जुलाबाने लहान मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. म्हणजे वाटेतले ते दोन तास फार मोलाचे आहेत. त्या दोन तासांत त्याच्या अंगात पाणी जात राहिले तर ते वाचते.

हे पाणी तोंडाने देता येते, हे आपल्याच देशात एका मोठ्या आपत्तीत सिद्ध झाले. १९७१ साली बांगलादेशाचे युद्ध चालले होते. लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथे छावणीत पटकीची साथ पसरली. रुग्णालयात जमिनीवरही रोगी निजलेले. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे डॉक्टर दिलीप महालनबीस होते. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधून घेतल्या. त्या पाण्यात कालवून नळ लावलेल्या पिंपांत भरल्या. रोग्याच्या नातेवाइकांनी पेले भरून न्यावेत आणि पाजावे, अशी व्यवस्था केली. त्या आधी छावण्यांत शंभरातली सुमारे तीस माणसे मरत होती. त्यांच्या देखरेखीखाली हे पाणी पिणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण शेकडा चाराच्या आत आले. सुईने नव्हे, आईच्या हातातल्या पेल्याने. डॉक्टर महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. आमच्या मते हा मान त्यांना जिवंतपणी मिळायला हवा होता.

या पाण्यात साखर कशाला, हा प्रश्न येतो. आतड्याच्या अस्तरात अशी सोय आहे की मीठ आणि साखर जोडीने आत जातात. एकमेकांचा हात धरून. त्यांच्यामागून पाणी ओढले जाते. जुलाबातही ही वाट सहसा बंद होत नाही. म्हणून थोडी साखर हवीच. पण थोडीच! इथेच घोटाळा होतो. मुलाला ताकद यावी म्हणून कोणी मूठभर साखर घालते. कोणी बाटलीतले गोड पेय पाजते. कोणी ओआरएसचे अख्खे पाकीट एका पेल्यात कालवते, घट्ट केले की लवकर गुण येईल म्हणून. मग काय होते? एक तर द्रव जठरात अडतो, मूल ओकते. दुसरे, जो पुढे जातो तो काकडीवरच्या मिठासारखा वागतो. अंगातलेच पाणी आतड्यात ओढतो. जुलाब वाढतात. आणि मीठ फार झाले तर त्याचा वेगळा धोका. लेकराला पाणी पाजतो आहोत असे आपण समजतो आणि त्याचे पाणी काढून घेतो.

आता तुम्ही वाचायला शिकला आहात. तेव्हा पाकीट वाचा. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. छोटे पाकीट २०० मिलिलिटरसाठीही मिळते. जे छापले असेल तेवढेच पाणी घ्या, कमी नको, जास्तही नको. दुकानात ओआरएस या नावाने गोड पेयांचे खोकेही विकले जात. त्यांत साखर फार. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव घालण्यास बंदी केली. तरी घेताना पाहून घ्या. आशाताईकडे आणि अंगणवाडीत खरे पाकीट फुकट मिळते.

पाकीट नसेल तर? एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. सपाट म्हणजे बोटाने वरचे पुसून काढलेला. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. खारट लागली तर ते ओतून टाका आणि दुसरे करा. तांदळाची पातळ पेज मीठ घालूनही चालते. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध मुळीच तोडू नका.

किती द्यावे? प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा कप. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप. मूल ओकले तर दहा मिनिटे थांबा, मग चमच्याने सुरू करा. बायका आम्हांला म्हणतात, गुरुजी, चमच्याने काय होणार? म्हणून हिशेब करून दाखवतो. एका चमच्यात ५ मिलिलिटर. दर दोन मिनिटांनी एक चमचा. तासात ३० चमचे. म्हणजे १५० मिलिलिटर. झोळीच्या दोन तासांच्या वाटेत ३०० मिलिलिटर. जवळजवळ दोन कप! आणि एवढे थोडे थोडे आलेले पातळ पाणी जठरात साठत नाही, दारावर अडत नाही, म्हणून ते उलटून पडण्याची भीतीही कमी. एकदम पेलाभर पाजले तर जठर ताणले जाते आणि सगळे बाहेर येते. तेव्हा झोळीबरोबर चालणाऱ्या दोघांपैकी एकाने वाटी-चमचा घेऊन चालावे. मूल जागे असेल आणि गिळत असेल तोवर पाजत राहावे.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, रडताना आसवे येत नाहीत, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली जाते, लघवी होत नाही, शौचात रक्त दिसते, यांतले काहीही दिसले तर घरी वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा किंवा निघा. आशाताई जस्ताच्या गोळ्या देतील त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्याव्या लागतात.

कालवलेले पाणी झाकून ठेवा. २४ तास झाले की उरलेले टाकून द्या आणि नवे करा.